क्रूझ कंट्रोल लागत नाही? ब्रेक स्विचचा दोष शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि स्टिअरिंगवरच्या, ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलच्या बटणाला खरं काम मिळालं. मग नेमकं लांबच्या प्रवासात कळतं की मीटरमध्ये क्रूझचा दिवा लागतो, पण ‘सेट’ दाबलं की वेग काही धरत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी ब्रेक स्विच तपासा. तो स्वस्त आहे, हाताला येण्यासारख्या जागी आहे आणि त्याचा संबंध तुमच्या ब्रेक लाइटशीही आहे.

ब्रेक स्विचचा आणि क्रूझ कंट्रोलचा संबंध काय?

क्रूझ लावल्यावर वेग राखण्याचं काम इंजिनाचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, करतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडला की त्याच क्षणी क्रूझ सुटलं पाहिजे. पाय पडला की नाही हे ईसीएमला कळतं ते ब्रेक पेडलच्या दांड्याजवळ, वर ब्रॅकेटमध्ये बसवलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचकडून. पेडल सुटलेलं असताना पेडलचा दांडा स्विचचा प्लंजर आत दाबून ठेवतो. पेडल दाबलं की दांडा पुढे सरकतो, प्लंजर बाहेर येतो आणि आतले कॉन्टॅक्ट पालटतात.

या स्विचबद्दल नुसती शंका आली तरी ईसीएम क्रूझ लावू देत नाही. त्यामुळे क्रूझ नकार देतं तेव्हा बहुतेकदा ईसीएम आपलं काम चोख करत असतो आणि त्याच्याकडे पोचणारी माहिती चुकीची असते. हे ध्यानात असलं तर ‘ईसीएम गेला असेल’ या सल्ल्यावर हजारो रुपये घालवण्याची वेळ येत नाही.

माझे ब्रेक लाइट तर व्यवस्थित लागतात. मग स्विच खराब कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा प्रश्न हाच. बऱ्याच मेकॅनिकचीही तपासणी इथेच थांबते: मागे कुणाला तरी उभं करायचं, पेडल दाबायचं, लाइट लागली की ‘स्विच ओके’.

क्रूझ असलेल्या बहुतेक गाड्यांत या एका स्विचमध्ये दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात. म्हणून त्याला चार पिना असतात. पहिला कॉन्टॅक्ट पाय नसताना उघडा असतो, पेडल दाबलं की जुळतो आणि ब्रेक लाइटला करंट देतो. दुसरा बरोबर उलटा. पाय नसताना तो जुळलेला असतो आणि पेडल दाबलं की तुटतो. ईसीएम दोन्हींवर नजर ठेवतो. एकावर १२ व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर शून्य हवेत, आणि पेडल दाबल्यावर दोघांची अदलाबदल व्हायला हवी. दोन्ही एकाच वेळी १२ किंवा दोन्ही शून्य असे क्षणभराहून जास्त राहिले की ईसीएम कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि क्रूझ बंद करतो.

मागची लाइट फक्त पहिल्या कॉन्टॅक्टची साक्ष देते. दुसऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

हे दोन कॉन्टॅक्ट खराबही वेगवेगळ्या कारणांनी होतात. लाइटच्या कॉन्टॅक्टमधून बराच करंट जातो. २१ वॉटचे दोन साधे बल्ब धरले तरी साडेतीन अँपिअरच्या आसपास. दर वेळी पाय पडला-सुटला की बारीक ठिणगी उडते आणि हळूहळू तो कॉन्टॅक्ट जळत, काळा पडत जातो. सिग्नलच्या कॉन्टॅक्टमधून जाणारा करंट अगदी किरकोळ असतो. तिथे ठिणगी नाही, पण ऑक्साइडचा पातळ थर बसला तर तो फोडण्याइतका जोरही त्या करंटमध्ये नसतो. लाइट लख्ख लागतात आणि क्रूझ मात्र मधूनच दगा देतं, त्यामागे बऱ्याचदा हा थर असतो.

नव्या गाड्यांत आणखी एक बदल झाला आहे. स्विचचा सिग्नल आधी बॉडी कंट्रोल मोड्यूलकडे (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या संगणकाकडे) जातो आणि लाइट ते मोड्यूल लावतं. काही गाड्यांत कॉन्टॅक्टच नसतात, त्यांच्या जागी चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. अशा गाडीत लाइट बघून स्विचचा निर्णय करणं तर आणखीच धोक्याचं.

ब्रेक स्विचवर संशय कधी घ्यावा?

नुसतं क्रूझ लागत नसेल तर कारणं पुष्कळ असू शकतात. पण त्याच्या जोडीला आणखी एखादी गोष्ट दिसली की संशय पक्का होतो. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मधून निघत नाही. पुश-बटण गाडी पाय ब्रेकवर असूनही ‘ब्रेक दाबा’ असंच सांगत राहते. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद व्हायचं थांबलं. ईएससीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा कारण नसताना लागला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरली आणि सकाळी शेजारी सांगतो की तुमचे ब्रेक लाइट रात्रभर चालू होते.

कॉमन रेल डिझेलमध्ये आणखी एक लक्षण दिसू शकतं. गाडी पिकअप घेत नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबलेत असं ईसीएमला वाटलं की तो सुरक्षिततेसाठी ताकद कमी करतो. ब्रेक स्विच ‘दाबलेला’ अवस्थेत अडकला तर नेमकं हेच होतं. लोक टर्बो आणि इंजेक्टर तपासत बसतात.

स्कॅनरवर कोड आला आहे. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

नेहमी भेटणारे कोड थोडेच आहेत. पी ०५७१ म्हणजे ब्रेक स्विच ‘ए’च्या सर्किटमध्ये गडबड. पी ०५७२ म्हणजे त्याच सर्किटवर व्होल्टेज कमी, पी ०५७३ म्हणजे जास्त. पी ०५०४ म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही. पी ०७०३ हा ‘बी’ सर्किटचा.

कोड सर्किटचं नाव सांगतो, सुट्या भागाचं नाही. पी ०५७१ आला की स्विच बदलून टाकायचा असा रिवाज पडला आहे, पण त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, वायरी जोडणारा कपलर आहे, वायर आहे, अर्थिंग आहे. पी ०५०४ मात्र जास्त बोलका. दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच क्षणी पालटत नाहीत असं तो सांगतो, म्हणून तिथे संशय स्विचच्या बसवणुकीवर किंवा दोनपैकी एका कॉन्टॅक्टवर येतो.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम वाचून ठेवा. कोड आला तेव्हा वेग किती होता, इंजिन गरम होतं की थंड, हे त्यात सापडतं. दोष अधूनमधून येणारा असेल तर ही माहिती सोन्यासारखी.

कोड एकही नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. तरी स्विच दोषी असू शकतो?

हो, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ईसीएम कोड टाकतो तो विसंगती दिसल्यावर. समजा स्विच ब्रॅकेटमधून थोडा मागे सरकला, किंवा पेडल पूर्ण वर येत नाही. मग प्लंजर कायम बाहेर राहतो आणि दोन्ही कॉन्टॅक्ट एकमुखाने सांगतात, ‘पाय ब्रेकवर आहे’. यात विसंगती कुठेच नाही. बऱ्याच गाड्यांचा ईसीएम ते खरं मानतो, क्रूझ लावत नाही आणि कोडही टाकत नाही. अशा वेळी मागचे ब्रेक लाइट सतत लागलेले असतात, पण ते ड्रायव्हरला कसे दिसणार? मागून येणाऱ्यालाच दिसतात, आणि तुम्ही खरोखर ब्रेक लावलात तर त्याला ते कळत नाही.

हातात काहीच अवजार नाही. घरच्या घरी काय तपासता येईल?

संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी मागच्या बाजूने भिंतीजवळ उभी करा. हँडब्रेक ओढा, पार्किंग लाइट बंद ठेवा. पेडलला हात न लावता आधी भिंतीकडे आरशातून बघा. लाल उजेड असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

लाइट लागलेली असेल तर पायाचा चवडा पेडलच्या मागे घालून पेडल अलगद वर, स्वतःकडे ओढा. लाइट विझली? मग स्विच बहुधा शाबूत आहे. एक तर पेडल पूर्ण परत येत नाही, किंवा स्विच आणि पेडल यांच्यातलं अंतर वाढलं आहे. पायाखालची जाड मॅट सरकून पेडलमध्ये अडकली आहे का, तेही बघून घ्या.

लाइट विझलेली असेल तर पेडल अगदी हळू, केसाच्या अंतराने दाबत जा. तळहाताने दाबलंत तर जास्त नीट कळतं. चांगल्या बसवणुकीत पेडल थोडंसं हललं की लाइट लागते. पेडल बरंच खाली गेल्यावर लागत असेल, किंवा दोन-तीनदा लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर अनुक्रमे अंतर किंवा कॉन्टॅक्ट तपासायला हवा.

शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून ड्रायव्हरच्या पायाशी मॅटवर बघा. तिथे पिवळट, निळसर किंवा काळ्या प्लास्टिकचे, बोटात धरल्यावर भुगा होणारे चुरे सापडले तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

पेडलच्या स्टॉपरचं काय प्रकरण आहे?

प्लंजर पेडलच्या दांड्यावर जिथे टेकतो तिथे बऱ्याच गाड्यांत एक भोक असतं आणि त्या भोकात रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टिकली, म्हणजेच स्टॉपर, बसवलेली असते. वर्षानुवर्षं उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ती कडक होते, तडकते आणि एक दिवस गळून पडते. मग पेडल सुटलेलं असलं तरी प्लंजरला टेकायला जागा राहत नाही. तो त्या भोकातून सरळ आरपार जातो. ब्रेक लाइट कायम चालू, क्रूझ बंद, सकाळी बॅटरी उतरलेली. जुन्या होंडा आणि ह्युंदाई गाड्यांत हा प्रकार ओळखीचा आहे, इतर कंपन्यांतही दिसतो.

ही टिकली अगदी थोडक्या पैशांत मिळते. तरीही गिऱ्हाइकाच्या माथी नवा स्विच मारला जातो आणि तो बसवूनही लाइट काही विझत नाही, कारण नवा प्लंजरही त्याच भोकातून आरपार जातो. वाटेत अडकलात तर योग्य मापाचा छोटा नट-बोल्ट त्या भोकात घट्ट बसवून घरी येता येतं. पण तो तात्पुरता उपाय, टिकली आणून बसवाच. क्लच पेडललाही तसलीच टिकली असते, तीही त्याच वेळी बघून घ्या. दोघींचं वय सारखंच असतं.

लाइव्ह डेटामध्ये नेमकं काय बघायचं?

लाइव्ह डेटा म्हणजे स्विचची त्या त्या क्षणाची अवस्था स्कॅनरवर वाचणं. हे ज्याला जमलं त्याला बाकीचं निदान सोपं जातं. ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, आपल्याकडच्या गाड्यांत उजव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली असतो. स्वस्त ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे कोड वाचतो, पण पेडल स्विचची अवस्था दाखवायला बहुधा कंपनीच्या प्रोटोकॉलवर चालणारा स्कॅनर लागतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो असतोच.

इंजिन बंद, इग्निशन चालू. स्क्रीनवर ब्रेक स्विच एक, ब्रेक स्विच दोन आणि गाडी मॅन्युअल असेल तर क्लच स्विच अशा ओळी निवडा. मग पेडल इतकं हळू दाबा की आधी एक पालटतो आणि नंतर दुसरा, हे दिसायला हवं. दोघांमध्ये किंचित अंतर असणारच. पण एक पालटला आणि दुसरा पेडल अर्धं खाली गेलं तरी ढिम्म, असं झालं तर दोष सापडला. मग पेडल एकाच जागी धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने स्विचचा कपलर आणि वायरिंग हलवा. आकडा फडफडला तर दोष स्विचमध्ये नाही, कपलरमध्ये किंवा वायरीत आहे.

काही गाड्यांत ‘क्रूझ बंद होण्याचं शेवटचं कारण’ अशीही ओळ मिळते. ती मिळाली तर सगळ्यात आधी तीच वाचा.

मल्टिमीटरने स्विच कसा तपासायचा?

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि काळी वायर रंग नसलेल्या, चांगल्या अर्थिंगच्या बोल्टला लावा. स्विचचा कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन घालून तपासा. डॅशबोर्डखाली पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. ती एअरबॅगची वायरिंग असते.

चारपैकी एका पिनेवर इग्निशन बंद असतानाही १२ व्होल्ट मिळायला हवेत. हा ब्रेक लाइटचा थेट पुरवठा. नसेल तर फ्यूज बघा. याच जोडीच्या दुसऱ्या पिनेवर पेडल सुटलेलं असताना शून्य आणि दाबल्यावर १२ यायला हवेत. आता इग्निशन चालू करून उरलेल्या दोन पिना बघा. तिथे उलटा क्रम: पेडल सुटलेलं असताना दोन्हींवर व्होल्टेज, दाबल्यावर एकावरचं जातं. काही गाड्यांत ही जोडी १२ व्होल्टची नसते, ईसीएम तिथे ५ व्होल्टचा सिग्नल ठेवतो आणि स्विच तो अर्थला जोडतो. म्हणून गाडीचा वायरिंग डायग्राम जवळ असलेला बरा.

नुसते १२ व्होल्ट आले म्हणून समाधान मानू नका. जळलेला कॉन्टॅक्टही मीटरला १२ दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. खरी परीक्षा व्होल्टेज ड्रॉपची. पेडल दाबून, लाइट लागलेली असताना, मीटरची एक वायर लाइटच्या कॉन्टॅक्टच्या एका पिनेला आणि दुसरी दुसऱ्या पिनेला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर कॉन्टॅक्ट चांगला. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे आत कार्बन धरला आहे.

सिग्नलच्या कॉन्टॅक्टसाठी कपलर काढा आणि मीटर ओहमवर घ्या. प्लंजर बोटाने दाबून धरल्यावर एका ओहमच्या आत यायला हवं, सोडल्यावर सर्किट पूर्ण उघडं. प्लंजर पंधरा-वीसदा हळू दाबा-सोडा. एखाद्या वेळी जरी आकडा शेकड्यांत गेला तरी स्विच बदलायचा. हमरस्त्यावर हीच एक वेळ तुम्हाला गाठते.

गाडी मॅन्युअल आहे. क्लचचा स्विचही तपासायचा का?

नक्की. मॅन्युअल गाडीत क्लच दाबल्यावरही क्रूझ सुटलं पाहिजे, नाहीतर इंजिन मोकळं होऊन आरपीएम एकदम चढेल. म्हणून क्लच पेडललाही स्विच असतो, आणि तो बिघडला तर लक्षण हुबेहूब तेच: दिवा लागतो, सेट होत नाही. त्याचा नेहमीचा कोड पी ०७०४. शहराच्या ट्रॅफिकमध्ये क्लच ब्रेकपेक्षाही जास्त दाबला जातो, त्यामुळे मॅन्युअल गाडीत ब्रेक स्विच निर्दोष निघाला तर लगेच क्लचकडे वळा. काही गाड्यांत क्लचला दोन स्विच असतात. एक स्टार्टरसाठी पेडलच्या तळाशी, दुसरा क्रूझसाठी वरच्या टोकाला. आपल्याला वरचा हवा.

नवीन स्विच बसवताना काय सांभाळायचं?

चुका सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून सविस्तर सांगतो. स्विच दोन जातींचे. जुन्या जातीला आटे असतात आणि लॉक-नट असतो. त्यात प्लंजर पूर्ण आत दबून स्विचचा आटे असलेला भाग टिकलीला टेकू द्यायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. किती मागे, ते गाडीप्रमाणे बदलतं. काही होंडांत पाव फेरा, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, काही टोयोटांत अर्धा ते अडीच मिलिमीटरपर्यंत. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

दुसरी जात स्वतः अंतर जुळवणारी. तिचा प्लंजर आत दात्यांवर सरकतो. त्यातल्या बऱ्याच स्विचमध्ये बसवण्याआधी प्लंजर पूर्ण बाहेर ओढायचा असतो. मग पेडल दाबून धरून स्विच ब्रॅकेटमध्ये घालायचा, ठरलेल्या कोनात फिरवून लॉक करायचा आणि पेडल हळूच वर सोडायचं. पेडल वर येताना प्लंजर आपली जागा स्वतः शोधतो. हा क्रम सोडून बळाने कोंबला तर अंतर चुकतं. काही स्विचचा प्लंजर एकदाच जुळतो; असा स्विच तपासायला म्हणून काढला तरी परत बसवता येत नाही, नवाच घ्यावा लागतो. काढण्याआधीच हे माहीत करून घ्या.

स्विच गरजेपेक्षा जास्त पुढे बसवला तर तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही. ब्रेक किंचित लागलेलेच राहतात, चाकं तापतात, मायलेज पडतं, पॅड झिजतात. बदलल्यावर थोडी गाडी चालवून चारही रिम्सजवळ हात नेऊन बघा. जास्त धग जाणवली तर बसवणूक चुकली.

स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर चालेल?

कपलरच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर जरूर मारा. स्विचच्या आत मात्र नको. काही दिवस सुधारल्यासारखं वाटतं, पण जळलेला कॉन्टॅक्ट काही भरून येत नाही. तेलकट स्प्रे तर धूळ धरून ठेवतात. साध्या गाड्यांचा स्विच काहीशे रुपयांत येतो. ब्रेक लाइट ज्यावर अवलंबून आहेत त्या भागात एवढी काटकसर नको. घ्यायचा तो कंपनीचाच किंवा कंपनीला माल देणाऱ्या ब्रँडचा.

मागे एलईडी बल्ब बसवल्यापासून क्रूझ गेलं. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. काही जुन्या गाड्या आणि बाहेरून बसवलेली क्रूझ किट ब्रेक लाइटच्या वायरीवर, बल्बच्या फिलामेंटमधून मिळणारं अर्थिंग शोधतात. ते दिसलं तर सर्किट अखंड आहे असं धरतात. एलईडीमधून तसं अर्थिंग मिळत नाही आणि क्रूझ नकार देतं. सगळे बल्ब उडाले तरी हेच. पडताळा सोपा आहे: मूळ साधे बल्ब परत लावून बघा. ट्रेलर हुक किंवा वरची ब्रेक लाइट बाहेरून बसवली असेल तर तिथले वायरचे जोडही उघडून बघा.

फ्यूज उडालाय आणि पुश-बटण गाडी सुरूच होत नाही. आता?

आधी ‘स्टॉप’ असं लिहिलेला फ्यूज बदला, त्याच अँपिअरचा. ह्युंदाई आणि किआच्या मालक-पुस्तिकेत अशा वेळेसाठी सोय दिली आहे: गाडी एसीसी अवस्थेत (इंजिन बंद, रेडिओसारखी उपकरणं चालू) आणून स्टार्ट बटण १० सेकंद दाबून धरायचं, म्हणजे ब्रेकच्या सिग्नलशिवाय इंजिन सुरू होतं. ही सोय गॅरेज गाठण्यापुरती आहे. त्या वेळी तुमचे ब्रेक लाइट लागत नसतात हे विसरू नका. नवा फ्यूजही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज घालू नका, वायर जळेल.

रडारवालं क्रूझ असेल तर हेच सगळं लागू पडतं का?

अर्धवट. ॲडाप्टिव्ह क्रूझ बंद पडण्याची सगळ्यात साधी कारणं म्हणजे पुढच्या रडारवर बसलेला चिखल आणि काचेवरच्या कॅमेऱ्यासमोरची घाण. पावसाळ्यात आधी ती पुसा. शिवाय अशी गाडी स्वतःहून ब्रेक लावते तेव्हा ब्रेक लाइट मोड्यूल लावतं, पेडल हललेलंही नसतं. बऱ्याच नव्या गाड्यांत पेडल किती दाबलं हे सेन्सर मोजतो आणि तो बदलल्यावर स्कॅनरने शून्य-बिंदू शिकवावा लागतो. हे काम घरी करण्यासारखं नाही.

क्रूझ चालू आहे आणि ब्रेक दाबूनही ते सुटलं नाही तर?

ब्रेक घट्ट आणि एकसारखा दाबून धरा. पंप करू नका. बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. त्याच वेळी ‘कॅन्सल’ किंवा ‘ऑफ’ दाबा. तरी इंजिन ओढतंच असेल तर गाडी न्यूट्रल करा, मॅन्युअल असेल तर क्लच दाबा. आरपीएम चढला तर चढू दे, इंजिनाची काळजी नंतर. गाडी कडेला थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि अशी गाडी तपासल्याशिवाय पुन्हा क्रूझवर टाकू नका.

एवढ्याशा स्विचचा एवढा बाऊ कशाला? तात्पुरता बायपास केला तर?

मुळीच करू नका. सिग्नलच्या जोडीला जंपर मारला, म्हणजे त्या दोन पिना वायरने थेट जोडल्या, की ईसीएमला त्या वायरीवर कायम ‘पाय नाही’ असंच कळतं, आणि वरच्या प्रश्नातली परिस्थिती तुम्ही आपल्या हाताने तयार करता.

एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किआने अमेरिकेत मिळून १६ लाखांहून जास्त गाड्या फक्त या स्टॉप लाइट स्विचसाठी परत बोलावल्या. कारणं वाचली तर वरचीच यादी आठवेल: ब्रेक लाइट न लागणं, ब्रेक दाबूनही क्रूझ न सुटणं, पुश-बटण न चालणं, ईएससीचा दिवा.

फोर्डचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर होतं. त्या गाड्यांत क्रूझ तोडण्यासाठी मास्टर सिलिंडरजवळ, ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा आणखी एक स्विच होता. आतला पडदा तडकला की ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचं, आणि स्विचला इग्निशन बंद असतानाही करंट असायचा. उभ्या गाड्यांना आगी लागल्या. १९९९ पासून २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांच्या वर गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्या सर्किटमध्ये फ्यूज असलेली जोडवायर बसवली गेली. अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे त्या काळातली फोर्ड जुन्या बाजारात घेणाऱ्यांनी चासी नंबर टाकून हे काम झालं आहे का ते अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर जरूर बघावं.

स्विच बदलला, कोड पुसला, तरी क्रूझ लागत नाही. पुढे काय?

आधी वेग बघा. बहुतेक गाड्यांत ३० ते ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ लागतच नाही. मग हॉर्न वाजवा. हॉर्नही वाजत नसेल किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वायर नेणारी गुंडाळी) तुटलेली असू शकते. क्रूझच्या बटणांचा सिग्नल तिच्यातूनच जातो. एबीएसचा दिवा असेल तर चाकाचा स्पीड सेन्सर बघा. इंजिनाचा दुसरा कुठलाही मोठा कोड असला तरी बरेच ईसीएम क्रूझ रोखून धरतात, त्यामुळे तो आधी निकालात काढावा लागतो.

गॅरेजमध्ये काय सांगू?

‘क्रूझ चालत नाही’ एवढंच नका सांगू. ‘दिवा लागतो पण सेट होत नाही’, ‘खड्ड्यातून गेलं की सुटतं’, ‘एसी लावून तासभर चालवल्यावर जातं’, जसं असेल तसं सांगा. ब्रेक लाइट आणि क्लच तपासून काय दिसलं तेही सांगा. दोन्ही ब्रेक सिग्नल लाइव्ह डेटावर तुमच्यासमोर दाखवायला सांगा, आणि स्विच बदलला तर जुना स्विच परत मागा. घरी मल्टिमीटर लावून प्लंजर दाबून बघितलात की दोष खरंच त्यात होता का, हे दोन मिनिटांत कळतं.